ताडोब्याचं जंगल कसं आहे, हे ठरवतात कसं?

दर चार वर्षांनी दिल्लीहून एक आकडा जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी तो सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर असतो. महाराष्ट्रात 2018 साली 312 वाघ होते, 2022 साली 444 झाले. चंद्रपूरचा माणूस थोडी छाती फुगवतो, नागपूरचा रिसॉर्टवाला पुढच्या हंगामाचे दर वाढवतो आणि जंगल उत्तम चाललं आहे असं सगळ्यांनाच वाटतं. असेलही. पण वाघांच्या संख्येवरून जंगलाची अवस्था सांगणं म्हणजे दुकानाच्या काचेतली मांडणी पाहून गोदामातला माल सांगण्यासारखं आहे. गवत किती उरलंय, मे महिन्यात पाणी कुठे टिकतं, सागाखाली नवी रोपं उगवतायत की नुसती घाणेरी माजलीय, शेजारच्या जंगलाकडे जायची वाट उघडी आहे की तिथे खाण आली, हे त्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी वेगळी मोजणी लागते. ती कशी चालते, तिच्यातलं काय भरवशाचं आणि काय अंदाजपंचे, ते ताडोब्याच्या निमित्ताने सावकाश पाहू.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. 1955 साली ते घोषित झालं तेव्हा क्षेत्र होतं 116.55 चौरस किलोमीटर. 1986 साली शेजारी 508.85 चौरस किलोमीटरचं अंधारी अभयारण्य झालं. या दोहोंचा मिळून आजच्या व्याघ्र प्रकल्पाचा गाभा बनला आणि त्याभोवती साधारण अकराशे चौरस किलोमीटरचा बफर आखला गेला. जंगल शुष्क पानझडीचं. साग मुबलक, सोबत ऐन, बीजा, धावडा, हलदू, तेंदू, मोह, सालई, ओढ्याकाठी अर्जुन आणि जागोजागी बांबूची रांजी. मधोमध ताडोबा तलाव, दक्षिणेकडे कोळसा तलाव, मधून वाहणारी अंधारी नदी. बाहेर गावं, धानाची आणि कापसाची शेतं, आणि थोडं पुढे गेलं की कोळशाच्या खाणी आणि चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र. जंगल मोजायचं म्हणजे हे सगळं मोजायचं.

मोजणी म्हटली की किती आहे, एवढंच आपल्या डोक्यात येतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने आपल्या उद्यानांच्या अवस्थेचे अहवाल लिहिताना एक साधी युक्ती केली आहे, ती मला फार आवडते. प्रत्येक घटकासमोर, मग तो झरा असो, गवताळ माळ असो की एखादा पक्षी, एक वर्तुळ काढतात. वर्तुळाचा रंग अवस्था सांगतो: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे काळजी करण्याजोगं, लाल म्हणजे गंभीर. वर्तुळातला बाण कल सांगतो: वर, खाली किंवा आडवा. आणि तिसरी खूण, जिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही, ती म्हणजे वर्तुळाची कड. कड जाड असेल तर या निष्कर्षाची खात्री भरपूर, बारीक असेल तर मध्यम आणि तुटक असेल तर कमी. म्हणजे ‘लाल पण तुटक’ असंही वर्तुळ असू शकतं: परिस्थिती वाईट दिसते आहे, पण आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपल्याकडचे आकडे असे कडेसकट छापले गेले, तर निम्म्या बातम्यांचे मथळे बदलावे लागतील.

रंग देण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: ठीक म्हणायचं ते कशाच्या तुलनेत? 1955 च्या? ब्रिटिश काळातल्या जंगलाच्या? की माणसाचा हात कधी लागलाच नसता तर असतं तशा जंगलाच्या? पाण्याच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण विरघळलेला प्राणवायू, आम्लता यांची मानकं ठरलेली आहेत. हरणांच्या बाबतीत वाघाचं पोट मदतीला येतं. वन्यजीवशास्त्रज्ञ के. उल्हास कारंथ यांच्या कर्नाटकातल्या अभ्यासातून पुढे आलेला ठोकताळा असा, की एका वाघाला वर्षाला पन्नासेक मोठे प्राणी लागतात आणि मूळ कळप न घटता एवढे मिळत राहायचे तर मागे पाचशेच्या आसपास प्राण्यांची शिल्लक हवी. पण गवताळ कुरणं किती असावीत? जंगलातून उठून गेलेल्या गावांच्या शेतांवर आज कुरणं आहेत; तिथे चितळ चरतात, गवे येतात, पर्यटक खूष होतात. ती कुरणं ‘मूळ’ जंगल नव्हेत; पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगरटीचं ते फळ आहे. त्यांच्या जागी पुन्हा झाडोरा वाढला तर अवस्था सुधारली म्हणायची की बिघडली? याचं उत्तर कोणतंही यंत्र देत नाही. ते उद्दिष्ट ठरवणाऱ्या माणसाला द्यावं लागतं आणि कागदावर आधीच लिहून ठेवावं लागतं. नाहीतर निकाल हाती आल्यावर सोयीची तुलना शोधली जाते, आणि ती सापडतेही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. जंगलाच्या कारभाराचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे नियतक्षेत्र, बोलीत बीट. एका बीटावर एक वनरक्षक आणि सोबतीला वनमजूर. देशभरच्या व्याघ्रगणनेचा पहिला टप्पा याच माणसांच्या पायांवर चालतो. 2006 पासून ही गणना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी आखलेल्या पद्धतीने होते आणि नाव व्याघ्रगणना असलं तरी तिच्यात वाघापेक्षा पुष्कळ अधिक टिपलं जातं.

पहिलं काम मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधण्याचं. वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे ज्या वाटांनी जातात अशा पायवाटा, ओढ्यांची कोरडी पात्रं, गाडीरस्ते निवडून प्रत्येक बीटात पाच-पाच किलोमीटरच्या तीन फेऱ्या पायी करायच्या. पगमार्क म्हणजे पायांचे ठसे, विष्ठा, झाडावरचे नखांचे ओरखडे, जमिनीवरची उकर, सगळं जागेसकट नोंदवायचं. तीन फेऱ्या कशाला, एक नीट केली तर पुरत नाही का? नाही पुरत. खूण दिसली नाही याचे दोन अर्थ होतात: प्राणी नव्हता, किंवा होता पण आपल्याला खूण सापडली नाही. कडक मुरमाड जमिनीवर वाघ चालून गेला तरी काही उमटत नाही. एकाच बीटात तीनदा फिरल्यावर दोनदा खूण मिळाली, एकदा नाही, अशा नोंदींवरून ‘असूनही न सापडण्याची’ शक्यता किती, हे काढता येतं. मग त्या प्रमाणात कोऱ्या बीटांचाही अंदाज दुरुस्त करता येतो. न सापडलेल्याचा हिशेब मांडणं हा या शास्त्राचा कणा आहे. पुढच्या सगळ्या पद्धती याच एका विचाराच्या तऱ्हा आहेत.

दुसरं काम चितळ, सांबर, नीलगाय, गवा, रानडुक्कर, भेकर, चौसिंगा यांचं. जंगलात साधारण दोन किलोमीटरची एक सरळ रेषा आखतात. तिला ट्रान्सेक्ट म्हणतात. सकाळी सूर्य वर आल्याबरोबर त्या रेषेवरून हळू चालायचं आणि प्राणी दिसला की थांबायचं. किती आहेत ते मोजायचं, अंतरमापकाने तो किती दूर आहे ते पाहायचं आणि होकायंत्राने कोन घ्यायचा. साठ मीटरवर, रेषेशी तीस अंशांच्या कोनात चितळांचा कळप दिसला, तर रेषेपासून त्याचं लंबांतर होतं तीस मीटर. शाळेतली त्रिकोणमिती इथे खरोखर उपयोगी पडते.

हे लंबांतर कशाला हवं? समजा वर्षभरात रेषेच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या दहा मीटरांत चाळीस कळप दिसले, पुढच्या दहांत पस्तीस, आणि असं घटत घटत चाळीस ते पन्नास मीटरच्या पट्ट्यात फक्त दहा. हरणं रेषेजवळ दाट आणि लांब विरळ राहत असतील का? त्यांना आपली रेषा माहीत नाही. ती सगळीकडे सारखीच असणार. लांबची झाडोऱ्यामुळे आपल्याला दिसत नाहीत. म्हणजे पाचव्या पट्ट्यातही चाळीसच्या आसपास कळप असावेत आणि त्यांतले तीस आपल्या नजरेतून निसटले. दिसण्याच्या या उतरत्या रेघेवरूनच न दिसलेल्यांची संख्या काढतात आणि दर चौरस किलोमीटरला किती, हे सांगतात.

पण या सगळ्याचा पाया एका गृहीतकावर आहे: रेषेची जागा आणि प्राण्यांचा वावर यांचा एकमेकांशी संबंध नाही. रेषा जर गाडीरस्त्याच्या कडेने आखली, तर सगळं कोसळतं. रस्त्याकडेला ऊन येतं, गवत वाढतं, हरणं चरायला येतात. किंवा उलट, सफारीच्या जिप्सी गाड्यांच्या वर्दळीने ती लांब जातात. तसंच रेषेवरच्या प्राण्याकडे दुर्लक्ष होता कामा नये, आणि तो पळायच्या आधी होता त्या जागेचं अंतर घ्यायचं, पळून जिथे थांबला तिथलं नाही. नियम तीन-चारच, पण सूर्य उगवता उगवता, थंडीत, पुढच्या वळणावर अस्वल असेल की नाही हे माहीत नसताना ते पाळायचे असतात.

याच रेषेवर दर चारशे मीटरवर थांबून वनस्पतींची नोंद होते. पंधरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोणती झाडं, कोणती झुडपं, छत किती झाकलेलं. एक मीटरच्या छोट्या वर्तुळात जमिनीवर गवत किती, पालापाचोळा किती, उघडी माती किती. शेजारच्या एका अरुंद पट्टीत कुणाच्या किती लेंड्या. शिवाय कुऱ्हाडीचे घाव, तोडलेल्या फांद्या, गुरांचं शेण, माणसांच्या पायवाटा. हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच अहवालात त्याचा उल्लेख दोन ओळींत संपतो. मला विचाराल तर संपूर्ण गणनेतली सगळ्यात मोलाची नोंद हीच. वाघ कमी झाला तर चार वर्षांत कळतं. गुरांचं शेण बीटाच्या आत सरकत चाललंय, हे त्याच्या कितीतरी आधी कळतं.

ही कामं कागदावर जितकी सरळ, तितकी रानात नाहीत. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात याच गणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथलं पायी सर्वेक्षण काही काळ थांबवावं लागलं. एखाद्या बीटाचा रकाना कोरा दिसला की तो कोरा का राहिला असेल, याचाही विचार वाचणाऱ्याने करावा.

खुद्द वाघांची मोजदाद मात्र आता कॅमेऱ्यांवर आली आहे. त्याआधी जवळपास चार दशकं पगमार्कांवर काम चाललं. 1966 च्या सुमारास ओडिशातल्या सरोजराज चौधरी या वनाधिकाऱ्याने ही पद्धत बसवली. काचेवर ठशाची बाह्यरेषा उतरवायची, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा आणि ठशांवरून वाघ ओळखायचा. 1972 च्या पहिल्या देशव्यापी गणनेचा 1,827 हा आकडा असाच आला. जाणत्या माणसाच्या हाती ही पद्धत बरंच काही सांगते. पण ओल्या मातीतला ठसा आणि फुफाट्यातला ठसा यांत फरक पडतो, डोळ्यागणिक निकाल बदलतो आणि चूक किती, हे सांगायची सोयच नाही. 2005 साली राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नव्हता, तेव्हा या पद्धतीचा शेवट झाला.

कॅमेरा ट्रॅपचं तंत्र भारतात रुजवलं ते कारंथांनी, कर्नाटकातल्या नागरहोळेत, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात, आणि डावी बाजू उजवीसारखी नसते. म्हणून कॅमेरे जोडीने, वाटेच्या दोन्ही अंगांना लावतात. जंगलाचे साधारण दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येकात वाघ येण्याची जास्त शक्यता असलेल्या जागी एक जोडी बसवतात. समोरून काही उबदार हललं की कॅमेरा आपोआप उघडतो. महिनाभर हे चालतं. मग संगणक आधी फोटो प्राण्यांनुसार वेगळे करतो आणि नंतर वाघांचे पट्टे एकमेकांशी ताडून पाहतो.

यातही न दिसलेल्यांचा हिशेब आहेच. समजा पहिल्या पंधरवड्यात वीस वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा वीस, पण त्यांतले सोळा आधीचेच. म्हणजे दुसऱ्या खेपेच्या वाघांपैकी ऐंशी टक्के आपल्या ओळखीचे निघाले. याचा अर्थ पहिल्या खेपेत आपण एकूण वाघांपैकी सुमारे ऐंशी टक्के टिपले होते, आणि एकूण वाघ पंचवीसच्या आसपास असावेत. प्रत्यक्षात गणित याहून बरंच गुंतागुंतीचं आहे. कोणता वाघ कोणत्या कॅमेऱ्याजवळ राहतो, त्याचा वावर केवढा, हेही त्यात धरतात. पण गाभा हाच. 2018 च्या गणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या जवळपास फोटो निघाले आणि त्यांतले वाघाचे होते 76,651. एकूण अंदाज 2,967 चा आणि त्यांपैकी 2,461 वाघ प्रत्यक्ष फोटोत ओळखले गेले. उरलेल्यांपैकी कॅमेरे नव्हते तिथले वाघ खुणा, भक्ष्य आणि जंगलाची प्रत यांच्या गणितातून आले. या शेवटच्या पायरीबद्दल संख्याशास्त्र्यांमध्ये वाद आहे. 2015 साली त्यावर कडक टीका करणारा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. त्या टीकेचा भर तुटक कडेवर होता. ताडोब्यासारख्या, कॅमेऱ्यांनी दाट व्यापलेल्या जंगलात मात्र वाघाच्या वर्तुळाची कड जाडच काढावी लागेल.

इथे एक आठवण काढायलाच हवी, ती बुद्ध पौर्णिमेच्या मचाणाची. वैशाखात पाणी आटलेलं असतं, चंद्र पूर्ण असतो आणि पाणवठ्यावर रात्रभर मचाणात बसून येईल तो प्राणी मोजायचा, ही महाराष्ट्रातल्या कितीतरी निसर्गप्रेमींची पहिली जंगलाची रात्र. आता वनविभाग तिला ‘निसर्गानुभव’ म्हणतो, तेही योग्यच. कारण एकच सांबर रात्रीत दोन पाणवठ्यांवर येतं, डुलकी लागते, ढग येतात. त्या रात्रीच्या आकड्यांवरून प्राण्यांची एकूण संख्या काढता येत नाही. पण वर्षानुवर्षं त्याच पाणवठ्यावर त्याच रीतीने नोंद झाली असेल, तर त्यातून कल मात्र वाचता येतो. जुन्या वह्या फेकू नयेत.

जमिनीवर पोहोचता येत नाही तिथे उपग्रह. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी देशाच्या वनक्षेत्राचा अहवाल काढतं. छत सत्तर टक्क्यांहून अधिक झाकलेलं असेल तर अतिदाट, चाळीस ते सत्तर मध्यम, दहा ते चाळीस विरळ. त्यासाठी चित्रं घेतात ती शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरमधली, कारण पावसाळ्यात ढग आणि उन्हाळ्यात पानगळ. एप्रिलमधल्या ताडोब्याचं चित्र पाहिलं तर सागाचं जंगल नुसतं राखाडी दिसेल. अजाण माणूस म्हणेल, जंगल मेलं. उलट चूकही होते. उपग्रहाला वरून हिरवं दिसतं, पण त्या हिरव्याखाली काय आहे ते दिसत नाही. छत शाबूत आणि खाली मात्र घाणेरीचं रान, ज्यात हरणाला खायला काडी नाही, ही अवस्था नकाशात दाट जंगल म्हणूनच रंगते.

आगीच्या बाबतीत उपग्रह खराखुरा उपयोगी. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावतात, कधी नुसती विडी पुरते. तापलेल्या जमिनीचा सुमारे पावणेचारशे मीटरचा ठिपका उपग्रह दिवसातून दोन वेळा टिपतो आणि वन सर्वेक्षणाकडून संबंधित वनाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश जातो. आग पसरू नये म्हणून आखलेल्या जाळरेषा वेळेत साफ झाल्या होत्या का, हे त्या संदेशांच्या संख्येवरून वर्षअखेरीस वाचता येतं. अर्थात ठिपका म्हणजे आग लागली एवढंच. किती जळालं हे जळित क्षेत्राच्या वेगळ्या नकाशातून काढावं लागतं, आणि जाळल्यामुळे काय गेलं, हे पुन्हा त्या एक मीटरच्या वर्तुळात गुडघे टेकून पाहावं लागतं.

गवताची मोजणी तर पूर्णपणे हातानेच. मीटरभर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर टाकायची, आतल्या जाती ओळखायच्या, गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं. कुरणाचा एखादा तुकडा तारेने बंद करून शेजारीच उघडा तुकडा ठेवायचा. दोहोंतल्या वजनाचा फरक म्हणजे जनावरांनी खाल्लेलं गवत. कुरण हिरवं आहे एवढ्याने भागत नाही. पवन्या, मारवेल अशी खाण्याजोगी गवतं किती आणि तरोटा, रानतुळस, गाजरगवत यांनी किती जागा बळकावली, हे प्रमाण महत्त्वाचं. हे प्रमाण पाहायचं ते पावसाळा संपता संपता, गवत फुलोऱ्यावर असताना. एप्रिलमध्ये वाळक्या काड्यांवरून जात ओळखणारी माणसं फार थोडी.

पाण्याबाबत थोडक्यात: कोणता पाणवठा कोणत्या महिन्यापर्यंत टिकला, ही साधी नोंद प्रयोगशाळेतल्या दहा चाचण्यांपेक्षा अधिक सांगते. गोची इतकीच की आता ठिकठिकाणी सौरपंपावर चालणारे कृत्रिम पाणवठे आहेत. त्यांनी प्राणी वाचतात, पण ओढे खरोखर किती लवकर आटतायत, हे झाकलं जातं. शिवाय पंपाभोवती प्राणी एकवटतात, आसपासचं गवत तुडवलं जातं आणि पाणवठ्यावर मोजले तर प्राणी भरपूर दिसतात.

आता त्या वर्तुळांकडे परत पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. कडा सगळीकडे सारख्या नाहीत. वाघाची कड जाड. चितळ-सांबराची बऱ्यापैकी. छताची, आगीची मध्यम. गवत, घाणेरी यांची जागोजागी जाड, जागोजागी तुटक, कारण जिथे अभ्यास झाला तिथेच आकडे. आणि वाळवी, मधमाश्या, बेडूक, ओढ्यातले किडे, मातीतला ओलावा यांची कड बहुतेक तुटकच. पाचोळ्याची माती करणारी वाळवी नसेल तर सागाच्या जंगलाचं काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण तिच्यासाठी कुणी जिप्सी थांबवत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसा येत नाही, म्हणून तिची नोंद नाही. आपली खात्री पर्यटकाच्या नजरेमागोमाग चालते, हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं मोठं व्यंग वाटतं. गस्तीच्या नोंदींचंही तसंच. 2010 पासून वापरात आलेल्या एम-स्ट्राइप्स प्रणालीत वनरक्षक मोबाइलवर आपली वाट आणि दिसलेलं सगळं नोंदवतो. फार चांगली सोय. पण ज्या नाल्यात तो उतरलाच नाही, तो नाला नकाशावर निर्धोक दिसतो.

काही घटक तर उद्यानाच्या हद्दीत बसतच नाहीत. ताडोब्यात वयात आलेला नर वाघ जागा शोधत ब्रह्मपुरीकडे, नागझिऱ्याकडे, कधी तेलंगणातल्या कवलकडे निघतो. त्या वाटेवरचं जंगल ज्या दिवशी तुटेल, त्या दिवशी आतलं एकही वर्तुळ रंग बदलणार नाही. आतले वाघ काही वर्षं वाढलेलेच दिसतील, कारण बाहेर जायची सोय राहिली नसेल. म्हणून वाटांचं मोजमाप वेगळं ठेवावं लागतं: जमिनीचा वापर कसा बदलला, रस्त्यावर किती प्राणी मेले, बाहेरच्या गावांत गुरं मारल्याचे आणि पिकांच्या नुकसानीचे दावे कुठे वाढले. नुकसानभरपाईच्या फायली कुणी निसर्गाची नोंद म्हणून वाचत नाही, पण वाचाव्यात अशा असतात.

व्याघ्र प्रकल्पांचं आणखी एक मूल्यमापन वेळोवेळी होतं, व्यवस्थापन किती परिणामकारक आहे त्याचं. त्यात टक्केवारी येते, क्रमवारी लागते, सत्कार होतात. मात्र आराखडा आहे का, माणसं पुरेशी आहेत का, पैसा वेळेवर येतो का, गावांशी संबंध कसे आहेत, असे प्रश्न त्यात जास्त असतात. कारभाराला मिळालेले गुण म्हणजे जंगलाला मिळालेले गुण असं समजण्याची चूक बातम्यांत सर्रास दिसते. उत्तम कारभारातही जंगल बिघडू शकतं. पाऊसच आला नाही तर क्षेत्र संचालक काय करणार?

आणि बिघाड दिसला म्हणजे बिघाडच असतो असंही नाही. मानवेल बांबूला कित्येक दशकांतून एकदा फुलोरा येतो आणि मग रांजीच्या रांजी एकदम वाळून जातात. त्या वर्षी वनस्पतींची मोजणी केली तर बांबूचं वर्तुळ लाल आणि बाण खाली. वाळका बांबू म्हणजे आगीला निमंत्रण, म्हणून काळजी खरीच. पण तो बांबूच्या आयुष्याचा शेवटचा अंक आहे, आजार नव्हे; पुढच्या पावसात बियांतून रोपं येतात. चार वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे हा फरक सांगू शकत नाहीत. त्यासाठी लांबलचक, न तुटलेली मालिका हवी आणि दर वेळी पद्धत तीच हवी. मधेच नवीन, अधिक अचूक पद्धत आणली की जुन्या आकड्यांशी नातं तुटतं. 2006 च्या गणनेतून देशाचे 1,411 वाघ जाहीर झाले तेव्हा मागच्या पगमार्कांच्या आकड्यांशी तुलना करून गदारोळ उठला होता. खरं तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नव्हती.

मोजून झाल्यावर पुढे काय? घाणेरीचं घेऊ, विदर्भात तिला रायमुनिया म्हणतात. वर्तुळ लाल निघालं, उपटायचं ठरलं. नुसती छाटली तर ती दुप्पट फुटते. म्हणून दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांनी सुचवलेल्या रीतीने मुळाचा माथा जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर कापतात आणि झुडूप उलटं करून ठेवतात, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. मग पावसाळ्यात गवताचं बी टाकायचं आणि दर वर्षी येऊन नवी उगवलेली रोपं उपटायची. दोन वर्षांनी तिथे चितळं चरताना दिसली की काम फत्ते झाल्याचं सगळे म्हणतात. पण त्या दोन वर्षांत पाऊसही चांगला झाला असेल, शेजारचं गावही उठलं असेल. गवत घाणेरी काढल्यामुळे आलं, की तसंही आलंच असतं? हे कळायचं तर शेजारचा, तशाच मातीचा आणि उताराचा एक तुकडा हात न लावता तसाच ठेवावा लागतो, आणि दोन्ही तुकड्यांत सारख्याच चौकटी टाकून सारख्याच महिन्यात मोजावं लागतं. घाणेरी निर्मूलनासाठी मिळालेल्या निधीतून काही हेक्टर घाणेरी मुद्दाम राखून ठेवली, हे लेखापरीक्षकाला समजावून सांगणं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला वाघ मोजण्याहून अवघड जातं. बहुतेक ठिकाणी तो तुकडा पहिल्याच वर्षी साफ होतो.